पैसे देऊन पॅराशूट पॅक करून घ्यावं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टँडेमची, म्हणजे इन्स्ट्रक्टरला बांधून घेऊन मारलेली, एक उडी मारून काहींची हौस फिटते, काहींची वाढते. वाढलेली मंडळी मग कोर्सला नाव घालतात. पट्टाया, दुबई, स्पेनमधलं एम्पुरियाब्रावा, कॅलिफोर्नियातलं पेरिस किंवा एल्सिनोर, कुठेही गेलात तरी हल्ली एखादा पुण्या-मुंबईचा माणूस गळ्यात हेल्मेट अडकवून भेटतोच. लायसन्स हातात येईपर्यंत त्याला एक गोष्ट कळून चुकलेली असते. आकाशातला मिनिटभराचा खेळ झाला की खाली पाऊण तास गालिच्यावर लोळून पॅराशूट बांधत बसावं लागतं, आणि शेजारीच कुणीतरी तेच काम दहा मिनिटांत, पैसे घेऊन करून देत असतं. पुढचे प्रश्न त्या गालिच्यावरचे आहेत. नियम सांगताना मुख्यतः अमेरिकेचे सांगितले आहेत, कारण ते स्पष्ट लिहिलेले आहेत. इतर देशांत बारीकसारीक फरक असतात.

पॅकर म्हणजे नेमका कोण?

ड्रॉपझोनच्या, म्हणजे जिथे विमानातून उड्या मारतात त्या जागेच्या, पॅकिंग हॉलमध्ये दिवसभर दुसऱ्यांची पॅराशूटं घड्या घालून कंटेनरमध्ये भरणारा माणूस. बहुतेक ठिकाणी त्याला पगार नसतो, नगावर पैसे मिळतात. बरेच पॅकर विशीतले आणि स्वतः उड्या मारणारे असतात. दिवसभराची कमाई संध्याकाळच्या लोडच्या, म्हणजे विमानाच्या एका फेरीच्या, तिकिटात घालवायला त्यांना काहीच वाटत नाही. पण वर्षानुवर्षं हाच धंदा करणारे मुरलेले लोकही असतात. उत्तर गोलार्धातला उन्हाळा संपला की ते दक्षिणेला निघतात. गर्दीच्या ड्रॉपझोनवर त्यांच्याशिवाय विमानच वेळेवर सुटणार नाही.

पॅकर आणि रिगर एकच का?

नाही, आणि हा घोळ सुरुवातीलाच मिटवलेला बरा. पाठीवरच्या कंटेनरमध्ये दोन पॅराशूटं असतात, खाली मेन आणि वर रिझर्व्ह. मेन प्रत्येक उडीत वापरलं जातं आणि प्रत्येक उडीनंतर पॅक होतं. पॅकरचा संबंध फक्त याच्याशी.

रिझर्व्हला हात लावायचा अधिकार रिगरचा. अमेरिकेत त्याला एफएएचं, म्हणजे तिथल्या विमान वाहतूक खात्याचं, प्रमाणपत्र लागतं. सीनियर रिगर व्हायला किमान १८ वर्षं वय, त्या प्रकारची किमान २० पॅराशूटं देखरेखीखाली पॅक केल्याचा अनुभव आणि लेखी, तोंडी, प्रात्यक्षिक अशा तिन्ही परीक्षा. मास्टर रिगर त्याच्याही वरचा. रिझर्व्ह बंद केल्यावर रिगर पिनला बारीक दोरा बांधून त्यावर स्वतःची खूण ठोकलेलं शिशाचं सील लावतो आणि डेटा कार्डावर तारीख, जागा, स्वतःचा क्रमांक लिहून सही करतो. उघडायचा प्रसंग आलाच तर हा दोरा हँडलच्या ओढीनं सहज तुटतो. पण कुणी गुपचूप उघडून परत बंद केलं तर ते लपत नाही.

अनेक रिगर फावल्या वेळात मेनही पॅक करून देतात. उलट मात्र चालत नाही.

एका पॅकचे किती पैसे पडतात?

अमेरिकेत एकट्याच्या पॅराशूटला साधारण ७ ते १० डॉलर, युरोपात जवळपास तेवढेच युरो. टँडेमचं पॅराशूट मोठं आणि जड, त्याला जास्त. आठ डॉलर म्हणजे सातशेच्या आसपास रुपये. ऐकायला फार नाही वाटत, पण उडीचं तिकीट तीसेक डॉलरचं असतं. म्हणजे खर्च पाव-तृतीयांशाने वाढला. दिवसाला आठ उड्या मारणाऱ्याचा खिसा संध्याकाळपर्यंत चांगलाच हलका होतो.

रिझर्व्हच्या रिपॅकचे, म्हणजे मुदत संपल्यावर उघडून परत पॅक करण्याचे, दर वेगळे, साधारण ७५ ते १०० डॉलर किंवा त्याहून जास्त. ते ऐच्छिक नाही, त्यामुळे त्यात घासाघीस करू नये. मेनच्या पॅकिंगमध्येही करू नये खरं तर. माणूस गुडघ्यावर बसून काम करतोय.

स्वतः केलं तर फुकट होतं. मग पैसे का द्यायचे?

वेळेसाठी. ट्विन ऑटरसारखं विमान वीस-बावीस जणांना घेऊन चार हजार मीटरवर जातं, रिकामं होतं आणि वीस-पंचवीस मिनिटांत पुढच्या लोडसाठी परत हजर असतं. तुम्ही उतरून, धापा टाकत हॉलपर्यंत चालत येऊन, पाणी पिऊन पॅकिंगला बसेपर्यंत पुढचा लोड निघायच्या बेतात असतो. नवशिक्याला एका पॅकिंगला पाऊण तास लागतो, सरावलेल्याला पंधरा-वीस मिनिटं. पॅकरला सात ते दहा.

ज्यांना एकामागून एक उड्या मारायच्याच असतात, त्यांना पर्याय नसतो. टँडेमचा इन्स्ट्रक्टर एक पाहुणा उतरवून दुसऱ्याचा हार्नेस आवळायला धावतो. त्याने पॅकिंग करत बसावं तर धंदा बसेल. ॲरिझोनातल्या इलॉयसारख्या ठिकाणी हवेत एकमेकांना धरून आकृत्या करणाऱ्या, चार जणांच्या फॉर्मेशनच्या टीम्स सरावाच्या दिवसात दहा-बारा उड्या मारतात. त्या कॅम्पच्या खर्चातच पॅकर धरलेला असतो. दोन उड्यांच्या मधल्या वेळात त्यांना व्हिडिओ बघून चुका काढायच्या असतात, रबरबँड शोधत बसायचं नसतं.

दुसरं कारण शरीर. मे महिन्यातल्या उकाड्यात बंद हॉलमध्ये दोनशे चौरस फुटांचं कापड छातीखाली दाबून त्यातली हवा काढून बघा. पाचव्या उडीनंतर पाठ बोलायला लागते, आणि थकलेल्या हातांनी केलेलं पॅकिंग ताज्या हातांच्या पॅकिंगसारखं होत नाही. तेव्हा दिलेले आठ डॉलर वाया जात नाहीत.

तिसरं कारण कुणी उघड सांगत नाही, ते म्हणजे नवं कापड. आजच्या बहुतेक मेन कॅनोपी, म्हणजे पॅराशूटची कापडी छत्रं, हवा अजिबात न सोडणाऱ्या झीरो पोरॉसिटी कापडाच्या असतात. त्यांना झेडपी म्हणतात. कोरी झेडपी कॅनोपी नायलॉनच्या साडीसारखी असते, एक बाजू आवरली की दुसरी सुटते. ती बॅगेत जाईपर्यंत माणूस रडकुंडीला येतो. पहिल्या काही डझन पॅकिंगना पॅकर धरणारे अनुभवी लोकही आहेत, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

मग पहिल्या दिवसापासून पॅकरच का लावू नये?

आधी नियमाचं. अमेरिकन संघटना यूएसपीएच्या ए-लायसन्सला किमान २५ उड्या लागतात, आणि प्रगतीच्या कार्डावर स्वतः, कुणाच्या मदतीशिवाय मेन पॅक केल्याची सही घ्यावी लागते. ती सही टाळता येत नाही.

सही मिळाल्यावर लगेच सगळं पॅकरच्या गळ्यात टाकणारेही भेटतात. माझं मत विचाराल तर पहिल्या शंभरेक उड्यांपर्यंत तरी निम्म्याहून जास्त पॅकिंग स्वतः करावं. पैसे वाचतात हे आहेच, पण मुद्दा तो नाही. कुठली दोरी कुठे जाते, स्लायडर (दोऱ्यांवरून सरकणारं चौकोनी कापड) कुठे असायला हवा, ब्रेकच्या दोऱ्या कशा अडकवलेल्या दिसतात, हे हातांनी शिकलेल्या माणसालाच वर मान करून उघडणाऱ्या कॅनोपीकडे बघितल्यावर काय चुकलंय ते ओळखता येतं. आणि तो निर्णय घ्यायला वर मोजके सेकंद असतात. ज्याने कधी पॅकच केलं नाही, त्याला डोक्यावर नुसतं एक गोंधळलेलं कापड दिसतं.

दुसऱ्याने पॅक केलेलं मेन घेऊन उडी मारणं कायद्यात बसतं का?

बसतं. एफएएच्या नियमांचा भाग १०५ सांगतो की मेन तीन प्रकारच्या माणसांनी पॅक केलेलं चालतं: प्रमाणपत्र असलेला रिगर, त्या पॅराशूटवर पुढची उडी मारणारा स्वतः, किंवा रिगरच्या थेट देखरेखीखाली काम करणारा प्रमाणपत्र नसलेला माणूस. पॅकर बहुतेक वेळा या तिसऱ्या प्रकारात मोडतो.

‘थेट देखरेख’ म्हणजे काय तेही तिथेच लिहिलंय. काम नीट होतंय याची खात्री पटण्याइतपत रिगरने स्वतः ते पाहायचं आणि त्या पॅकिंगची जबाबदारी घ्यायची. म्हणजे हॉलमध्ये चार पॅकर राबत असतील आणि रिगर कोण ते कुणालाच सांगता येत नसेल, तर तिथे काहीतरी गडबड आहे. हा प्रश्न विचारायला संकोचू नका. चांगल्या ड्रॉपझोनवर तुम्हाला बोटाने दाखवतात: तो कोपऱ्यातल्या शिलाई मशीनवर बसलाय ना, तो.

मित्राने सहज म्हणून ‘आण, मी करून देतो’ म्हटलं तर? तो रिगर नसेल आणि कुणाच्या देखरेखीखालीही नसेल, तर वरच्या तीन प्रकारांत तो बसत नाही.

पॅकरने नेमकं काय केलं हे मला बघायचं असेल तर?

तर बघा. उभं राहून बघणाऱ्या माणसाचा चांगल्या पॅकरला राग येत नाही.

सर्वात आधी तो कंटेनर गालिच्यावर ठेवून दोऱ्या ताणतो आणि त्यांच्यातून हात फिरवत कॅनोपीपर्यंत जातो. दोऱ्या एकमेकांत अडकल्यात का, उतरल्यावर गोळा करताना कंटेनर दोऱ्यांमधून आरपार गेलाय का, हे तिथे कळतं. मग ब्रेक. डाव्या-उजव्या टॉगलची, म्हणजे ब्रेक ओढायच्या मुठीची, दोरी ठरलेल्या जागेपर्यंत खाली ओढायची, टॉगलचं टोक दोरीतल्या छोट्या डोळ्यात घालायचं, वरची सैल दोरी आवरायची. मग उतरताना गोळा करून ठेवलेला स्लायडर मोकळा करायचा.

आणि मग पायलट शूट कॉक करायचं. या एका पायरीवर थांबू. पायलट शूट म्हणजे तुम्ही हातानं हवेत फेकता ती छोटी छत्री. ती हवा धरते, पिन ओढते आणि बॅग बाहेर काढते. मेन उघडल्यावर ती मागे फडफडत ओढ लावत राहू नये म्हणून पट्टीच्या आतून जाणारी एक दोरी तिला मिटवते. पॅक करताना ती दोरी परत ओढून छत्री उघडण्याजोगी करावी लागते, नाहीतर पुढच्या उडीत तुम्ही फेकलेलं पायलट शूट चिंधीसारखं मागे लोंबकळत राहील आणि पिन निघणारच नाही. झालंय की नाही हे कळावं म्हणून पिनजवळ, ब्रायडल म्हणतात त्या पट्टीवर, नखाएवढी खिडकी ठेवलेली असते. तिच्यात आतल्या दोरीचा रंगीत भाग दिसला पाहिजे. खिडकी रिकामी दिसली तर तो कंटेनर पाठीवर चढवायचा नाही, मग विमानाचे पंखे सुरू झालेले असोत.

बाकीचं काम नजरेला भुरळ घालणारं आहे. दोऱ्या खांद्यावर घेऊन उभा पॅकर कॅनोपीच्या पुढच्या कडेचे सात किंवा नऊ कप्पे मोजून गुडघ्यांत धरतो, दोऱ्यांच्या गटांमधलं कापड दोन्ही बाजूंना झटक्यानं बाहेर काढतो, स्लायडर वरपर्यंत नेऊन त्याचे चार भाग चार बाजूंना पसरतो, शेवटची कड सगळ्यांभोवती गुंडाळतो. मग ती वळकटी गालिच्यावर अलगद टेकवून स्वतः तिच्यावर पडतो आणि हवा काढतो. एसच्या आकाराच्या घड्या, बॅग, रबरबँडमध्ये दोऱ्यांचे वळसे, कंटेनरच्या झडपा, लूपमधून पिन. शेवटी पायलट शूटची घडी करून तळाच्या कप्प्यात.

पॅकिंग चुकलं तर काय काय होऊ शकतं?

घडीतल्या बहुतेक ढिलाया पॅराशूट माफ करतं. लोक ज्या सुरकुत्यांची काळजी करत बसतात त्यांनी काहीही होत नाही. पुढच्या काही चुका मात्र माफ होत नाहीत.

पायलट शूट कॉक न करणं, वर सांगितलंच.

स्लायडर वर न नेणं किंवा तो घसरून खाली आलेला लक्षात न येणं. ताशी १९०-२०० किलोमीटरने पडणाऱ्या माणसाच्या डोक्यावर कॅनोपी एका झटक्यात पूर्ण उघडू नये म्हणून ते चौकोनी कापड दोऱ्यांवरून हळूहळू खाली सरकतं. ते जागेवर नसेल तर उघडताना असा हिसका बसतो की मान आखडण्यापासून हाड मोडण्यापर्यंत काहीही होऊ शकतं.

एक ब्रेक नीट न अडकणं. उघडताना तो सुटला की कॅनोपी एका बाजूला गरगर फिरायला लागते. पॅराशूट लहान आणि वेगवान असेल तर ते फिरणं फार झपाट्याने वाढतं.

दोरी कॅनोपीच्या वरून जाणं. याला लाइनओव्हर म्हणतात. कॅनोपीचे दोन फुगे झालेले दिसले आणि ती फिरत असेल, तर मेन सोडून देऊन रिझर्व्ह ओढायचं.

दोऱ्यांना पीळ पडणं मात्र नेहमी पॅकरमुळे होतं असं नाही. उघडताना तुमचं अंग वाकडं असेल तरी पडतो. उतरल्या उतरल्या पॅकरवर ओरडण्याआधी आपला व्हिडिओ बघून घ्यावा.

असं किती वेळा घडतं?

रिझर्व्ह वापरायची वेळ हजारेक उड्यांत एखाद्या वेळी येते असं साधारण मानतात, आणि तीही सगळी पॅकिंगमुळे नसते. यूएसपीएच्या नोंदीप्रमाणे २०२३ मध्ये अमेरिकेत सुमारे ३६.५ लाख उड्या झाल्या आणि १० मृत्यू. अलीकडच्या काळातले बरेच जीवघेणे अपघात तर व्यवस्थित उघडलेल्या पॅराशूटखाली, जमिनीजवळ घेतलेल्या चुकीच्या वळणामुळे झालेले आहेत. पॅकिंगची भीती सगळ्यांना वाटते, लँडिंगची पुरेशी वाटत नाही.

पॅकरच्या चुकीमुळे काही झालं तर जबाबदार कोण?

कागदावर काय आहे ते वर आलं: देखरेख करणाऱ्या रिगरने पॅकिंगची जबाबदारी घेतलेली असते. पण विमानात बसण्याआधी तुम्हीही पानंच्या पानं सह्या केलेल्या असतात. त्यात धोका समजून घेतल्याचं आणि दावा न करण्याचं लिहिलेलं असतं. ते कागद कोर्टात कितपत टिकतात हे देशावर आणि प्रसंगावर अवलंबून, त्यासाठी वकील गाठा.

वर मात्र हा प्रश्न निरर्थक असतो. मेन नीट नसेल तर ते सोडून रिझर्व्ह ओढायचा निर्णय तुमचा, तोही ठरलेल्या उंचीच्या खाली येण्याआधी. पॅकर तेव्हा खाली तिसऱ्या कुणाचं तरी पॅराशूट गुंडाळत असतो. आठ डॉलर देऊन तुम्ही मेहनत आणि वेळ विकत घेतलेला असतो. पाठीवर काय आहे हे माहीत असण्याचं काम त्यात येत नाही.

म्हणून पॅकरने कंटेनर हातात दिल्यावर मी विमानापर्यंत जाता जाता तपासत नाही, टेबलावर ठेवून तपासतो. खिडकीत रंग दिसतोय का. पिन लूपमध्ये पूर्ण गेलीय का आणि लूप तुसं निघालेला नाही ना. ब्रायडल पिनपासून कप्प्यापर्यंत झडपेखाली नीट आहे का, कुठे वळसा होऊन बाहेर आलेली नाही ना. पायलट शूट कप्प्यात पूर्ण बसलंय का. छातीवरची दोन्ही हँडल, मेन सोडवणाऱ्या खांद्यावरच्या तीन-कड्या, रिझर्व्हचं सील आणि पिन. एएडी चालू आहे का. मिनिटभराचं काम आहे. सैल पिन किंवा बाहेर आलेलं पायलट शूट विमानाच्या दारात उघडलं तर तो एकट्याचा प्रश्न राहत नाही, कॅनोपी विमानाच्या शेपटीत अडकू शकते.

ही एएडी काय भानगड?

उंची आणि वेग मोजणारं छोटं यंत्र. जमिनीच्या अगदी जवळ येऊनही माणूस वेगाने पडतच असेल, तर ते रिझर्व्हच्या लूपची दोरी कापून रिझर्व्ह उघडतं. जर्मनीच्या एअरटेकचं सायप्रेस १९९१ मध्ये आलं आणि त्यानंतर अनेकांचे जीव या डब्यामुळे वाचले. त्याच्या नेहमीच्या प्रकारात ही उंची साधारण २२५ मीटर असते. पॅकरचा त्याच्याशी संबंध नाही. सकाळी ते चालू करायचं काम तुमचं.

पॅकरला आधी काय सांगावं?

काही वेगळं घडलं असेल तर पहिल्यांदा तेच. उघडताना जोरात हिसका बसला, कॅनोपी एका बाजूला ओढत होती, काटेरी झुडपात उतरलो, समुद्रकिनाऱ्यावर वाळूत लोळलो, एखादी दोरी झिजलेली दिसली. ‘नेहमीसारखं’ म्हणून कंटेनर टाकून चहा प्यायला निघून गेलात तर पॅकर नेहमीसारखंच पॅक करणार.

कॅनोपी नवी आणली असेल, आकार बदलला असेल, उघडण्याचा स्वभाव माहीत असेल तर तेही सांगा. कोणाला पुढची कड आत गुंडाळलेली आवडते, कोणाला मोकळी. पॅकर दिवसभरात पंचवीस-तीस पॅराशूटं हाताळतो, तुमची आवड त्याच्या लक्षात राहील अशी अपेक्षा पहिल्या आठवड्यात तरी करू नका.

आणि निवडताना? हॉलमध्ये दहा मिनिटं नुसते बसा. कोण गप्पा मारता मारता स्लायडर विसरत नाही, कोण तुटकं रबरबँड दिसल्यावर बदलतो आणि कोण तसंच रेटतो, हे दिसतं. तिथल्या जुन्या माणसांची पॅराशूटं कुणाकडे जातात तेही बघा. सर्वात वेगवान तोच सर्वात चांगला असं काही नसतं.

मी आधी काही करून द्यायचं असतं का?

काही ठिकाणी ब्रेक लावून आणि पायलट शूट कॉक करून देण्याची पद्धत आहे, काही ठिकाणी पॅकर म्हणतो हात लावू नका, सगळं मीच करतो. दोन्ही ठीक. धोका असतो तो ‘मला वाटलं तू केलंस’ या जागेत. म्हणून पहिल्या दिवशीच विचारून घ्यायचं.

माझी फक्त एकच टँडेम उडी आहे. ते पॅराशूट कोण पॅक करतं?

पॅकर किंवा इन्स्ट्रक्टर स्वतः. अमेरिकेत टँडेमच्या मेनलाही तसाच नियम आहे, पॅक करणारा रिगर असावा, त्याच्या देखरेखीखालचा असावा किंवा ती उडी मारणारा इन्स्ट्रक्टर असावा. रिझर्व्ह रिगरचंच. एएडी सक्तीची. तुम्हाला यात काही करायचं नसतं, आणि त्याच पॅराशूटवर इन्स्ट्रक्टरचाही जीव असतो हे लक्षात घेतलं तर झोप लागायला हरकत नाही. हरियाणातल्या नारनौलपासून दुबईपर्यंत कुठेही टँडेमला गेलात तर ‘शेवटचं रिझर्व्ह रिपॅक कधी झालं’ एवढं जरूर विचारा. न चिडता उत्तर देणारी जागा चांगली.

पॅक केलेलं पॅराशूट किती दिवस तसंच चालतं?

अमेरिकेत मेन आणि नायलॉनचं रिझर्व्ह, दोन्हींना १८० दिवस. रिझर्व्हची मुदत २००८च्या अखेरपर्यंत १२० दिवस होती, मग वाढवली. काही देशांत ती वर्षाची आहे. मुदत उलटली की रिझर्व्ह न वापरताही उघडून, तपासून परत पॅक करावं लागतं. भारतातून परदेशी सुट्टीवर जाणाऱ्यांची इथे हमखास पंचाईत होते. इथे रिगर सहज मिळत नाही आणि तिथे पहिल्याच दिवशी कार्ड बघून अडवतात. निघण्याआधी तारीख बघा आणि तिथल्या रिगरकडे नंबर लावून ठेवा.

टिप द्यावी का?

गर्दीच्या दिवशी, किंवा तुमचं नवं झेडपी त्याच्या गळ्यात मारलं असेल तर, द्यावी. आणखी एक रिवाज माहीत असू द्या. रिझर्व्ह वापरून जिवंत उतरलेला माणूस ते पॅक करणाऱ्या रिगरला एक बाटली देतो. महागातली. रिगर वर्षापूर्वी दुसऱ्या राज्यात गेला असेल तरी शोधून देतात. पॅकरला अशी बाटली मिळत नाही. मेन रोजच उघडतं, त्याचं कौतुक कोण करणार?

कुणी मुद्दाम बिघाड केला तर?

घडलेलं आहे, म्हणून उत्तर देतो. २०१५च्या ईस्टरला इंग्लंडमधल्या नेदरएव्हनला एका महिलेची मेन आणि रिझर्व्ह दोन्ही पॅराशूटं बिघडली. नांगरलेल्या मऊ शेतात पडल्यामुळे ती वाचली. तपासात तिच्या नवऱ्यानेच, ब्रिटिश लष्करातल्या एका सार्जंटने, छेडछाड केल्याचं निघालं. रिझर्व्हच्या दोऱ्या रायझरला, म्हणजे खांद्यावरच्या पट्ट्यांना, जोडणारे दुवे काढलेले होते. २०१८ मध्ये त्याला जन्मठेप झाली, किमान १८ वर्षांची. त्यात पॅकरचा काही दोष नव्हता. यातून घ्यायचं ते एवढंच की कंटेनर कुठेही बेवारस सोडू नये आणि सील तुटलेलं दिसलं तर उडी रद्द.

लष्करात कोण पॅक करतं?

तिथे उडी मारणारा सहसा स्वतःचं पॅक करत नाही. आग्र्याच्या पॅराट्रूपर्स ट्रेनिंग स्कूलमध्ये शिकणारा जवानही दुसऱ्यानं बांधलेलं पॅराशूट पाठीवर घेऊनच मालपुऱ्याच्या मैदानावर उतरतो. अमेरिकन लष्करात रिगर लाल टोपी घालतात, आणि त्यांनी पॅक केलेल्या कुठल्याही पॅराशूटवर उडी मारायची त्यांची तयारी असावी लागते. नुसती बोलायची तयारी नव्हे, त्यांना खरंच उड्या माराव्या लागतात. नागरी ड्रॉपझोनवर असा नियम नाही, पण जो पॅकर स्वतःचं पॅराशूटही तसंच पॅक करतो त्याच्याकडे माझा ओढा असतो.

साडी नेसून उडी मारली तर पॅकरला काही अडचण?

हसू नका, हा प्रश्न खरंच येतो. पुण्याच्या पद्मश्री शीतल महाजन यांनी फेब्रुवारी २०१८ मध्ये पट्टायाला नऊवारीत उडी मारली, तेव्हापासून जास्तच. पॅकरला अडचण नाही, त्याचं काम कंटेनरच्या आत. अडचण बाहेर आहे. पदर किंवा ओचा हँडलवर, पायलट शूटच्या कप्प्यावर येऊ शकतो. त्यांच्यामागे शेकडो उड्यांचा अनुभव होता. तो नसेल तर नऊवारी जमिनीवरच्या फोटोपुरती ठेवा.

मला पॅकर म्हणून काम करता येईल का?

हात बसला तर येईल. चांगल्या हवेच्या शनिवारी पंचवीस-तीस पॅक म्हणजे चार पैसे गाठीला लागतात. वारा सुटला, ढग आले की दिवसभर नुसतं बसून राहायचं, कमाई शून्य. गुडघ्यांना पॅड, बोटांना टेप आणि कंबरेची काळजी पहिल्या महिन्यापासून घ्या. टुरिस्ट व्हिसावर गेलेल्यांनी मात्र लक्षात ठेवावं की रोख आठ डॉलर घेऊन पॅक करणं हेही कामच आहे. ‘कोण बघतंय’ म्हणून केलेलं इमिग्रेशनला चालत नाही.

पैसे कधी द्यायचे?

ज्या दिवसाचे त्याच दिवशी, शेवटचा लोड उतरल्यावर. बऱ्याच हॉलमध्ये भिंतीवर कागद लावलेला असतो, तुमच्या नावापुढे पॅकर रेघा ओढतो. रेघा मोजा, हिशेब चुकता करा आणि सुटे सोबत ठेवा. पन्नासच्या नोटेची मोड पॅकरकडे क्वचितच असते.